मागचा आस

बेळगावच्या भंगारातून इंजिन आणलं रोहिदास फळदेसाईनं,
टेम्पोत, ताडपत्रीखाली, आजारी माणसाला आणावं तसं,
आणि माझ्या गॅरेजच्या दारात उतरवून विचारलं,
बाय, मागच्या आसाला झेपेल ना?

गाडी त्याच्या मामाची. अठ्ठ्याऐंशीची कॉन्टेसा.
पन्नास घोड्यांसाठी घडवलेली पाठ,
आता पुढून एकशे दहा ढकलणार.
शाळेत व्याकरणाला बाई सांगत,
ती आस मनाची, तो आस चाकाचा.
इथे ती रोहिदासची होती, तो मामाचा.

सावर्ड्यात हा प्रश्न नवा नाही.
खनिजाचे ट्रक धावायचे तेव्हा बाबा
आठवड्याला दोन मोडके शाफ्ट भिंतीला टेकवून ठेवत
आणि आई त्यांतल्या एकावर
तोंडल्याचा वेल चढवी.

मी हौसिंग उघडलं.
नव्वद नंबरचं तेल, ज्याचा वास
तीन दिवस केसांतून जात नाही.
क्राउनच्या दातांना शेंदूर फासला,
पिनियन हातानं फिरवला, सावकाश,
ठसा उमटला दाताच्या मधोमध,
ना टोकाला, ना बुडाशी.
उजवी पाकळी पडली म्हणायची, रोहिदास म्हणाला.
त्याच्या घरी लग्नंसुद्धा प्रसाद लावूनच ठरतात.

मी म्हटलं, दात ठीक आहेत, उरलेलं तुझ्या पायावर.
इंजिन आस मोडत नाही रे,
क्लचवरून दचकन उचललेला पाय मोडतो.
पहिल्या गिअरला चाक जमीन सोडत नाही
आणि सगळं येऊन पिळतं
दोन बोटं जाड पोलादाला.
रुंद टायर घालू नकोस. जरा घसरू दे.
घसरणं म्हणजे फ्यूज.

त्यानं रुंद टायर घातले.

करमलचा घाट चढलो तिसऱ्यावर.
मी शेजारी, कान मागे लावून.
गाडी बैलगाडीला वळसा घालावा तशी
लाकडाच्या ट्रकना वळसा घालत गेली,
आसानं हूं की चूं केलं नाही.
काणकोणात रोहिदासनं मला लिंबूसोडा पाजला,
पैज मी लावलेलीच नव्हती.

मग नोव्हेंबरात, बेतूलच्या धक्क्यावर
आग्नेलची पिकअप उतारावर रुतली,
बर्फ आणि बांगड्यांसकट, पाणी चढत होतं.
रोहिदासनं दोर बांधला. पहिला गिअर.
क्लच हळू सोडला, अगदी हळू,
आईची शपथ घेऊन सांगतो तो अजून.

टक.

सुपारी फुटावी एवढाच आवाज.
पिकअप निघाली, तेवढ्यात वर आलीच होती ती.
कॉन्टेसा जागच्या जागी गुरगुरत राहिली,
एकशे दहाचे एकशे दहा घोडे
आणि चाक एकही फिरेना.

रात्री मी तुकडा बल्बखाली धरला.
मोडल्या तोंडावर वळ्या होत्या,
ओहोटी वाळूवर सोडून जाते तशा, एकीमागे एक,
तेल मुरून काळ्या झालेल्या.
आणि कडेला फक्त नखाएवढं
ताजं, खडीसाखरेसारखं लखलखतं.

म्हणजे चीर जुनी.
पन्नास घोड्यांच्या काळातली.
मामा डिकीत काजूची पोती भरून
केप्याच्या बाजाराला जायचा, कधी जोरात नाही,
हॉर्नसुद्धा जपून वाजवायचा म्हणे,
तेव्हापासून रोज केसभर.
शेंदूर मी दातांना लावला होता.
शाफ्ट बाहेर ओढून पाहिलाच नाही.
ही चूक मी बिलात लिहिलेली नाही.

आता तो जीपचा जाड आस घेऊन आलाय.
बसेल, मी सांगते. प्रोपेलर शाफ्ट कापावा लागेल,
ब्रेकचे पाइप नवे. पंधरा दिवस.
आणि टिकेल ना?
मी हातपुसणं शोधते.
आधी दोन्ही शाफ्ट बाहेर काढू, म्हणते,
उजेडात बघू.

मामाचा तुकडा अंगणात रोवलाय.
वेलाला अजून तो सापडलेला नाही.