चार ठोके

मामानं हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेला तो डबा
चुन्याच्या डबीसारखा उघडायचा.
दोन पडदे, बिजागरी एकीकडून तुटलेली,
तिथं सायकलच्या ट्यूबची चकती.
आत एकच खेळ.

खालच्या पडद्यावर काडीनं रेघ ओढायची
आणि रेघेवरून गाडी निघायची.
खडी नाही, स्लीपर नाही, मुकादम नाही.
रेघ ओढली की रूळ.
काडी पहिल्याच आठवड्यात हरवली,
मग मुंजाजी तुराटीचं टोक घासून वापरायचा.

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरात
मला खेळायला मिळायचं तो झोपल्यावर,
गोधडीत, आवाज बंद करून.
राक्षस मला कधी मारता आले नाहीत,
तलवार फिरवली की भिंतीलाच लागायची.
मी नुसती गाडी चालवायचे
बर्फातून, समुद्राखालून.
शिट्टी दिली की रुळावरच्या मेंढ्या बाजूला व्हायच्या.
आमच्या फाटकावरच्या म्हशी
असं कुणाचं ऐकत नाहीत.

सातव्या बुरुजात अडकलो.
एक दार, चार खांब, खांबाखांबावर घंटा,
आणि दगडावर इंग्रजीत चार ओळी.
शाळेतून डिक्शनरी आणून मी अर्थ लावला:
आधी हाक मार.
मग विचार.
मग सांग, निघाली.
मग सांग, पोचली.
कुणाला हाक मारायची? काय विचारायचं?
तीन आठवडे मुंजाजी घंटा बडवत राहिला,
दार हललं नाही.

बाबा रात्रपाळी करून आले,
केबिनच्या लिव्हरनं घट्टे पडलेले हात धुतले,
भाकरी कुस्करून वरण ओतलं.
"काय करायलाव रे दोघं सकाळी सकाळी?"
मी चारी ओळी वाचून दाखवल्या.
घास चावता चावता त्यांनी
ताटाच्या काठावर बोटानं वाजवलं.
एक.
दोन.
तीन.
चार.
"ह्याला काय कोडं म्हणतेत व्हय?
ब्लॉकची घंटा हाय की ही.
एक ठोका, लक्ष दे.
दोन, लाईन क्लिअर हाय का.
तीन, गाडी निघाली.
चार, पोचली, सेक्शन मोकळं."
"आन् सहा?" मुंजाजीनं विचारलं.
"सहा दोनदा ऐकले नोकरीत," म्हणाले
आणि पुढचं न बोलता पाण्याचा तांब्या उचलला.

दार उघडलं.
बाबा थोडा वेळ पडद्यात बघत राहिले.
"सिग्नल कुठंय? आन् हा ड्रायव्हर
इंजिन सोडून मारामाऱ्या करत का फिरायलाय?"
मग झोपायला गेले.

मुंजाजी मामाकडं गेला, कूलरच्या दुकानात.
फोनमध्ये पैसे टिकावेत म्हणून मिस कॉल:
एक रिंग, अगं ए.
दोन, घरी आहात का?
तीन, बसलो गाडीत.
चार, पोचलो.
आता बोलणं फुकट झालंय,
तो व्हिडिओवर पोराचे दात दाखवतो,
पण निघाल्याचं आणि पोचल्याचं अजून रिंगनंच.

बाबा रिटायर झाले.
केबिनमधले लिव्हर काढून नेले,
आता स्टेशनात एका टेबलावर दिवे लागतात, विझतात.
डबा माझ्या कपाटात आहे, बॅटरी फुगलेली.
शेवटचा बुरूज राहिला तो राहिलाच.
आमची गाडी आत कुठं उभी आहे
यावर आमचं एकमत नाही.
मुंजाजी म्हणतो बर्फात,
मला वाटतं समुद्राखाली.

परवा तो सुट्टी संपवून परत गेला.
पहाटे फोन वाजला, अंधारात मी मोजलं.
एक, दोन, तीन,
आणि मध्येच काहीतरी अडलं.
नेटवर्क असेल. बोट घसरलं असेल.
पलीकडच्या खाटेवर बाबा उठून बसलेले,
उजवा हात हवेत,
मूठ वळलेली, जिथं लिव्हर असायचा तिथं.

बऱ्याच वेळानं फोन पुन्हा वाजला.
या वेळी चार, पुरते.
"मोकळं," म्हणाले,
आणि चप्पल शोधत पाणी प्यायला गेले.