कर्ता डोळा

पहिल्या दिवशी सुकेशनीच्या कार्डावर दहा भोकं निघाली.
तिला छर्रे दिले होते पाचच.
उरलेली पाच दिव्यानी धुर्वेची,
डावीकडच्या शेजारणीच्या घरी जाऊन बसलेली,
एका रुपयाखाली झाकतील इतकी जवळ जवळ.
इतक्या नेमानं चुकणारी पोर
मी एकोणीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती.

आमची रेंज म्हणजे बंद जिनिंगची मागची शेड,
दोरीनं मोजलेले दहा मीटर,
कार्डांमागं रुईच्या दोन जुन्या गाठी.
छर्रा गाठीत शिरतो आणि तिथंच राहतो,
पाहुणा राहावा तसा, परत निघायचं नाव नाही.

तिला म्हटलं, दोन्ही तळवे जोडून खिडकी कर.
खिडकीतून पाण्याच्या टाकीवरचा झेंडा बघ.
आता डावा डोळा मीट.
"झेंडा गेला, मॅडम."
उजवा मीट.
"आला."

मग तिला सांगितलं ते असं:
सातबारा उजव्याच्या नावे आहे,
वहिती मात्र डाव्याची.
लिहितेस उजव्यानं, गोफण फिरवतेस उजव्यानं,
बंदूकही उजव्या खांद्याला गेली सवयीनं,
पण बघणारा कर्ता पलीकडच्या घरात बसलाय
आणि तिथूनच हुकूम सोडतोय.
ती हसली. म्हणाली, "आमच्या घरीबी असंच हाये.
राशन कार्डावर बाबा. बाकी सारं आई."

रात्री आरशासमोर मीही खिडकी करून पाहिली.
उजवा हात, उजवा डोळा.
सांगण्यासारखं काही निघालं नाही.

उघडी साइट काढून घेतली तिच्याकडून.
खाच, काडी, कार्ड, तीन गोष्टी एका रेषेत,
आणि दोन डोळे त्या तिन्हींवर भांडणार.
कपाटातली पीप साइट दिली,
बँकेनं देणगी दिलेली, अजून खोक्यात होती.
बारीक भोक, त्यातून पाहिलं की नजर आपोआप मध्यावर येते,
विहिरीत वाकल्यावर आपलंच तोंड दिसावं तशी.
डावा डोळा मिटू नको म्हटलं. मिटलास की गाल चढतो,
आणि उजवाही सोबतीनं दमतो.
दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा कापून
टोपीच्या काठाला लावून दिला, डाव्यासमोर.
उजेड येऊ दे, चित्र नको.

पंधरा दिवस. शंभरात चौऱ्याहत्तर. मी खूश.
सोळाव्या दिवशी पिशवीचा तुकडा हातात घेऊन आली.
"मॅडम, हा कर्ता हाये न?
मंग यालेच कायले झाकाचं?"

माझ्याकडे उत्तर होतं. वर्ध्याची निवड अठरा दिवसांवर,
नवा खांदा बसायला वर्ष जातं, असं.
ते दिलं नाही. विचारलं,
कापूस वेचताना कोणता हात?
"दोन्ही. ज्याले बोंड जवळ, थो."

बंदूक डाव्या खांद्याला गेली.
भरली कळशी दुसऱ्या कडेवर घेतल्यासारखी उभी राहिली ती,
कंबर कुठं ठेवावी ते कळेना.
डावं बोट घोड्यावर आडमुठं.
दस्त्याचा गालाकडचा फुगवटा उलट्या बाजूला,
तो थोडा तासून घ्यायला मुख्याध्यापकांकडे अर्ज केला:
सदर विद्यार्थिनीचा डावा डोळा कर्ता असल्याने.
अर्ज परत. शेरा: वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे.
तोवर तिनंच गाठीतली मूठभर रुई काढली,
ओढणीच्या चिंधीत गुंडाळून दस्त्याला बांधली
आणि गाल टेकवून पाहिला.

पहिले पाच: एक काळ्या गोलात, साताला.
तीन पांढऱ्यात, विखुरलेले.
एक सापडलाच नाही, गाठीतही शोधला.

सुकेशनीनं स्वतःचं कार्ड उजेडाकडे धरलं, उलटं केलं,
पुन्हा मोजलं.
"पाचच हायेत व," ती म्हणाली,
आणि जरा हिरमुसली.