हवेची हमाली

हॉलंडहून निरोप आला पहाटे सहाला:
बाळ नऊ दिवस आधीच आलं.
बारसं पुढच्या शुक्रवारी. कुंची पोचेल ना, ताई?

कुंची तयार होती. खणाची, अंजिरी,
मागे झालर, कडेला मोती,
झबल्यासकट दोनशे दहा ग्रॅम.
आबांनी तळहातावर घेतली, काटा न बघताच म्हणाले,
"पाव किलोच्या आत हाय."
तुर्भ्याच्या मार्केटात चौतीस वर्षं
पाठीवर गोण घेतलेला माणूस.
पट्टीवर कितीही लिहिलेलं असो,
पाठीला टेकली की त्यांना खरं कळायचं.

फोनवर तीन दर उघडून बसले.
पहिला: चार दिवसांत दारापर्यंत,
पण कुंची फुकट गेली असती, वर सहाशे माझे.
दुसरा टपालाचा, स्वस्त. तीन आठवडे.
तोवर बाळाचं नाव जुनं झालं असतं.
तिसरा नायरचा, सेक्टर एकोणीसच्या गाळ्यातला.
मोठ्यांच्या विमानात घाऊक जागा घेतो
आणि आम्हा किरकोळांना विकतो,
सुट्या विडीसारखी.

मी खोका पुढे केला, सोनेरी पट्टीचा,
हौसेनं छापून आणलेला;
असे दोनशे पडलेत पलंगाखाली.
नायरनं टेप लावली. तीस, पंचवीस, दहा.
गुणलं, पाच हजारांनी भागलं.
"दीड किलो, मॅडम."

आबा काट्याकडे बघत राहिले.
काटा खोटा नव्हता.
"दीड किलो कशाचं?"
"जागेचं, काका. आत हवा आहे ना.
विमानात तीपण जागा खाते."

आबा हसले नाहीत.
"चौतीस वर्सं आमीबी वाहिली की.
मिरचीच्या गाळ्यातली, खोकल्यासकट.
हवेची हमाली कुणी धरली न्हाय कधी."
नायरनं चहा मागवला.

पत्ता टाकला तर आणखी एक आकार निघाला: दुर्गम भाग.
नकाशात पाहिलं, गावाला रेल्वे स्टेशन आहे,
दर अर्ध्या तासाला गाडी.
पाटणच्या वर आमच्या गावाला
पोस्टमन ओढ्याअलीकडूनच हाक मारायचा;
ज्याला पत्र हवं, त्यानं उतरून यावं.

खोका तिथेच मोडला.
साध्या पिशवीत कुंची चपटी ठेवली.
आबांनी दोन्ही तळवे वर टेकले
आणि थप्पी बसवावी तशी
हळूहळू हवा काढली.
एवढाले तळवे. एकही मोती निखळला नाही.

"आता अर्ध्या किलोचा दर. त्याखाली नाही."
"आन् वजन?"
"तेच, दोनशे दहा."
"मंग उरल्यालं रिकामं कशापायी धाडायचं?"

माझ्या पर्समध्ये नमुन्याची होती एक,
हिरवी, एक माप मोठी, कुणीच न घेतलेली.
"घाल ती. पोर काय तेवढंच ऱ्हानार हाय?"
चारशे तीस.

नायर कागद भरत होता.
माल: लहान मुलांचं शिरोवस्त्र, सुती.
पहिलीची किंमत लिहिली. दुसरी?
"भेट आहे. शून्य लिहा."
"शून्य नको, मॅडम. शून्यावर कस्टमचा विश्वास नाही.
एक डॉलर टाकतो."

कोपरखैरण्याच्या रिक्षात आबांनी विचारलं,
एक डॉलर म्हंजे किती.
सांगितलं.
ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले,
माथाडी चाळींचं वळण आलं तेव्हा म्हणाले,
"तेरा गोणी."

आता रोज सकाळी दात घासता घासता विचारतात,
आपली गोण कुठवर?
लायपझिगला, मी म्हणते.
"उतरवली, का गाडीतच हाय?"
मी फोन खालीवर करते.
वेळ दिसते, विमानतळ दिसतो.
तिथे कोण उतरवतं, ते कुठेच दिसत नाही.