लाभ, दोन, तीन

चित्ररेखा उईकेच्या वहीत
एकच्या जागी लिहिलं होतं, लाभ.
लाभ, दोन, तीन, चार.
मी लाल पेनानं गोल केला,
जरा मोठाच.
ती म्हणाली, ‘मॅडमजी, आमच्या घरी
धान मोजताना पयली पायली एक नसते.’
‘मग?’
‘एक म्हटलं का एकच राह्यते.’

मी वर्ध्याची. डी.एड. झालेली.
गणित पेटी माझ्या कपाटात, सीलबंद.
ठोकळे, मणी, कागदी नोटा,
हरवलं तर भरून द्यावं लागतं
म्हणून कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

चाचणीत पस्तीस गुणिले दोन
तिनं कोरं सोडलं.
मे महिन्यात सुट्टीतला तांदूळ द्यायला गेले
तर ओसरीभर तेंदूची पानं,
आणि तिची आई दुर्पता, आणि ही,
पानं लावतायत पोटाला पोट,
पस्तीस इकडून, पस्तीस तिकडून,
पळसाच्या वाकाची गाठ, की पुढचा पुडा.
‘किती झाली गं?’
‘सत्तर,’ माझ्याकडे न बघता.
‘पुडा सत्तराचाच असते जी.
एक कमी निंगालं तर मुन्शी फेकते फळीवरून.’

मला एवढंच सुचलं की खाली बसावं.
माझा पुडा अडुसष्टचा निघाला.
तिनं गोल केला नाही.
दोन पानं सरकवली फक्त.

शाळा उघडल्यावर उपक्रम घेतला:
मैदानात चुन्याची संख्यारेषा,
मुलं ओळीत, फोटो वरच्या ऑफिसला.
मुलं शहाण्यासारखी वागली,
म्हणजे कुणीच काही बोललं नाही.
मधल्या सुट्टीत त्याच चुन्याला
टेकचंदनं आडव्या रेघा मारल्या,
अष्टाचंगाची घरं पाडली,
पायरीवर चिंचोके घासून अर्धे केले,
आणि मग काय तो ओरडा!
‘चंग पडू दे, मग मारतो तुले!’
‘चारानं पुढं जाशीन, तीन पायजे, मोज ना बे!’
पहिलीतली एक पोरगी,
जिला वजाबाकी मी दिवाळीनंतर शिकवणार होते,
मारायच्या घरापासून बोटानं
उलटी मोजत येत होती.

बाकी मात्र मला तलावावर कळली.
टेकचंदचा बाप आणि आणखी आठ ढिवर
पहाटे जाळं ओढतात,
पाळीवर नऊ पळसपानं मांडतात.
एक मोठी मरळ, तिच्यासमोर लहान तीन,
हाताचाच तराजू, आणि भांडण नाही.
(थोडं असतं. पण हिशोबावरून नाही.)
सगळं वाटून झालं, उरले दोन मासे.
माझ्या फळ्यावर असे उरलेले दोन
कोपऱ्यात बसतात,
बाकी बरोबर दोन,
आणि घंटा होते.
इथं टेकचंदनं ते उचलले,
कुणाला न विचारता निघाला.
‘कुठं रे?’
‘सुलकाबाईकडं. जाळं तेच शिवते ना जी.
वाट्यात नाई राहत ते. बाकीत राह्यते.’

त्या दिवशी भागाकार पुसून
मी फळ्यासमोर नुसतीच उभी होते,
हातात डस्टर.

पेटीचं सील नंतर तोडलं.
आजवर एकोणीस मणी गेलेत,
काही नालीत, काही खिशात,
एक कुणाच्या तरी बहिणीच्या गळ्यात
मीच पाहिला, आणि काही म्हटलं नाही.
नोंदवहीत हरवलेल्यांची यादी केलीय,
तारखेनं, अनुक्रमांक घालून.
परवा केंद्रप्रमुख आले तपासणीला.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी
पानावर बोट ठेवलं:
‘दोन, तीन, चार, सगळं ठीक.
पण बाई,
हे पहिल्या ओळीत काय लिहिलंय?’