पाठ

बावीस वर्षं मी कुतिन्हो मास्तरांची पाठ ऐकतोय.
तिकीट पाच रुपये होतं तेव्हापासून,
भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, डावीकडे, तिसरी रांग,
जिथे कूलरचं पाणी गळतं
आणि खुर्चीचा एक पाय मीच तारेनं बांधलाय.

काळ्या कोटाची पाठ. मधोमध शिवण.
संथ भाग आला की शिवण सैल पडते,
जोराचा आला की खांद्यापाशी ताणते,
आणि एप्रिलात, पंचेचाळीस अंशांत,
तिच्यावर घामाचा नकाशा उमटतो:
आधी तापी, मग वाघूर.
मला सुरांची नावं येत नाहीत. मी सिग्नलचा वायरमन.
पण हात वर गेला की काहीतरी सुटणार, एवढं कळतं.

वाजवणारे सगळे ओळखीचे.
पहिलं व्हायोलिन तिकीट तपासनीस अत्तरदे.
सावद्याची कुमुदिनी बोंडे केळीच्या ट्रकमधून येते,
चेलोला गोधडीत गुंडाळून, घडांच्या मधे निजवून.
मागे मोठे नगारे, बॉयलर शॉपचा गफूर तडवी.
मास्तर त्याला एवढंच म्हणतात,
"गफूर, पळू नको. गाडी आपलीच आहे."
छडी मोडली त्या साली त्यांनी तुराटीवर भागवलं.

एकदा अगदी हळू जागी, जिथे सगळेच थांबतात,
नेमकी मालगाडी आली, नागपूरकडची.
मास्तरांनी हात खाली घेतला नाही.
छडी हवेत, चाळीस जणांचा श्वास हवेत,
आणि आम्ही बसल्या जागी डबे मोजले. अठ्ठावन्न.
गाडी गेल्यावर जी शांतता उरली
तिच्यावर त्यांनी छडी टेकवली,
बाळाच्या टाळूला तेल लावावं तशी.

यंदा आवई उठली, हा शेवटचा. मास्तर एक्क्याऐंशीचे.
हॉल भरला. मी ड्यूटीवरून उशिरा पोचलो,
तर आम्हा पाच-सहा जणांना स्टेजवरच बसवलं,
गफूरच्या मागे, बाकावर.
आणि मी त्यांचं तोंड पाहिलं.
तसं बाजारात पाहिलं होतं, मेथी निवडताना.
टाळ्यांना वाकतानाही. पण हे नाही.

फुंकणाऱ्यांच्या आधी त्यांचेच गाल फुगत होते.
कुमुदिनीकडे वळले तेव्हा ओठ हलले, "ये, ये गं,"
बुजलेल्या गाईला बोलवावं तसे.
कुठेतरी कुणीतरी चुकलं,
ती चूक त्यांनी डोळे मिटून गिळली, कडू काकडीसारखी.
आणि उजव्या कोपऱ्यात रिकामी खुर्ची,
जिथे डिकॉस्टाचा ओबो बसायचा, तो वारेपर्यंत,
त्या खुर्चीला ते दर वेळी, न चुकता, खूण करत होते.
खूण. जरा थांबणं. मग पुढे.

तिसऱ्या रांगेतून फक्त शिवण सैल पडलेली दिसायची.

घरी आलो तर बायको म्हणाली, कसं झालं?
म्हटलं, चांगलं झालं. भाकर वाढ.
पुढचा कार्यक्रम झालाच तर मी माझ्या जागेवरच बसेन.
खुर्चीची तार ढिली झालीय.
पक्कड न्यायला हवी.