दोन सूत

उंबरा काढला तो कुमुदसाठी.
तिच्या खुब्यात सळई आहे, आणि चाकांची खुर्ची
अडीच इंचांच्या कट्ट्यापुढे रोज अडायची
हट्टी म्हशीसारखी.
काच नको, पडदा नको, पायरी नको,
खोलीतून थेट शॉवरखाली.
जेलरोडच्या या फ्लॅटमध्ये पंचवीस वर्षांत
एवढं एकच काम मी मनापासून करून घेतलं.

आणि पहिल्याच अंघोळीला
पाण्याने जाळीकडे पाठ फिरवली,
पलंगाखाली गेलं.
कपाटाचं प्लायवूड फुगलं, माझी एक चप्पल
दारापर्यंत तरंगत आली.

कुवर मिस्त्री आले सिन्नर फाट्याहून,
मोपेडच्या हुकाला पाणसळ लटकवून.
आधी काहीच बोलले नाहीत.
नातवाची गोटी मागितली, जाळीपाशी ठेवली.
ती क्षणभर थबकली, मग निघाली
सरळ माझ्या पायांकडे.
"बाबा, जाळी डोक्यावर बसलीय. दोन सूत.
पाणी काय घाट चढंल?"

छिन्नीखाली तीन टाइल गेल्या.
ट्रॅपच्या बुडाशी विटेचा तुकडा ठोकलेला,
भोवती सिमेंटच्या गोणीचा बोळा.
"कोणी बसवला हा?"
मी आधीच्या मिस्त्रीचं नाव सांगितलं.

सांगितलं नाही ते असं :
तो पोरगा टाइल कापायला निघाला होता,
चारी बाजूंनी उतार देतो म्हणाला होता.
मीच म्हटलं, अखंड बसव.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये भिंगाखाली
कागदांचे समास तपासले मी,
केसभर सरकलेला रंग परत पाठवला.
रेघा जाळीशी काटकोनात हव्यात, म्हटलं.
मग त्याने विटेचा तुकडा शोधला.

कुवर तुटक्या फरशीवर उकिडवे बसून
बराच वेळ बघत राहिले.
"रेघा मात्र सरळ हायेत," म्हणाले.
मी चहा ठेवायला उठलो.

दुपारी कटरने टाइल कापली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
पाकिटाच्या पाठीसारखे चार त्रिकोण.
मी बघितलं नाही, आवाज ऐकला.
मग काळ्या लेपाचे दोन हात, जाळीत फडक्याचा बोळा,
आणि दोन दिवस पाणी भरून ठेवायचं.
आम्ही खालच्या पगारेबाईंकडे अंघोळीला,
कुमुद ओल्या पंचावर.
भिंतीवर पाण्याची पातळी पेन्सिलीने आखली मी,
रात्री तीनला टॉर्च घेऊन पाहून आलो.
होती तिथेच होती.

आज तिला आत नेलं.
पाणी टाचांभोवती जरा घुटमळलं, मग चहूकडून
जाळीकडे वळलं, शेवटी घशातल्यासारखा तो आवाज.
"गेलं?" तिने विचारलं, डोळे मिटून, साबण होता.
"गेलं."

त्रिकोणांच्या रेघा एका जागी जुळत नाहीत.
अर्धं सूत असेल. मी खाली वाकून बघतच होतो
तेवढ्यात खुर्चीही निघाली,
हळूच, पाण्यामागोमाग.
"अहो, ब्रेक!"