शिल्लक

निघाले तेव्हा स्टँडवर प्रत्येकानं एकदा तरी म्हटलंच,
"जगात जर्मनी, देशात परभणी."
कंडक्टरनं तिकिटाचं मशीन दाबताना म्हटलं,
रसवंतीवाल्या हरूनभाईनं ग्लास विसळताना म्हटलं,
जणू दोन्हींच्या मधे फक्त मानवत रोड.

चौकात फ्लेक्स लागला होता:
कु. मिनल लिंबाजी धापसे (वेलांटी चुकलेली),
उच्च शिक्षणासाठी जर्मनीत निवड.
खाली अकरा शुभेच्छुक, सगळ्यांना गॉगल,
दोघांच्या कानाला मोबाइल.
उच्च कसलं, एक सेमिस्टर.
मातीचं.

तिथं पहिल्याच आठवड्यात
लिंडनर मॅडमनी पडद्यावर फोटो लावला:
काळी जमीन, भेग, भेगेत उभी धरलेली मोजपट्टी.
ही माती ओली झाली की फुगते, म्हणाल्या,
सुकली की फाटते,
वरचं हळूहळू खाली नेते.
एकोणीस जणांनी लिहून घेतलं.
मी नाही.
माझ्या डाव्या पायातलं पैंजण
सहावीत असताना गेलंय तिच्यात,
पिंगळीच्या शिवारात.
हे जर्मनमध्ये कसं सांगायचं
ते शेवटपर्यंत जमलं नाही.

आई पतसंस्थेची पिग्मी एजंट.
रोज पासष्ट दुकानं, दहा, वीस, पन्नास.
फोनवरही हिशोबच:
"काय खायलीस? कितीला पडायलंय?"
मी कांद्याचा भाव निम्मा करून सांगायचे,
थंडी निम्मी करायचे.
रविवार मात्र निम्मा होत नसे.
दुकानं बंद, कपडे धुवायचं मशीन लावायला बंदी,
जिन्यातून उतरणारी माणसंसुद्धा
स्वतःचे पाय उचलून नेल्यासारखी.

शनिवारी मी आणि समोरच्या खोलीतली नीनो
(ती जॉर्जियाची, तिलाही सगळं महाग)
रिकाम्या बाटल्या मशीनला खाऊ घालायचो,
मशीन पावती द्यायचं, पावतीचे पैसे मिळायचे.
आईला हे फार पटलं.
"म्हंजे बाटलीची पिग्मी."

ऑक्टोबर संपता संपता एका रात्री
त्या देशानं सगळ्यांना एक तास परत दिला.
तीन वाजायला आले आणि पुन्हा दोन वाजले.
आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प.
"कुणाच्या खात्यावर?"
सगळ्यांच्या.
"मग तू काय केलंस गं त्याचं?"
झोपले, म्हणाले.

खोटं होतं.
मी खिडकी उघडून बसले होते.
खाली सायकलींच्या सीटवर पांढरं धरत होतं,
बेकरीच्या मागच्या दारात कुणीतरी
पिठाच्या हातानं सिगारेट ओढत होतं,
आणि मी, पिग्मीवालीची पोरगी,
जन्मात पहिल्यांदा
काही मोजत नव्हते.

मार्चच्या मधोमध परत आले.
चौकात फ्लेक्स नव्हता.
तो हरूनभाईच्या रसवंतीवर, उन्हाला आडोसा.
मी उलटी, कपाळाला सुतळी,
शुभेच्छुक मागं दुमडून गेलेले,
आणि माझ्या सावलीत दोन म्हाताऱ्या
आलं घातलेला रस पीत बसलेल्या.
हरूनभाई लाजला. काढतो म्हणाला.
मी म्हटलं, राहू द्या, मे पर्यंत तरी.

"कशी होती जर्मनी?" सगळे विचारतात
आणि मी तोंड उघडायच्या आत
म्हण स्वतःच पूर्ण करून निघून जातात.

रात्री आई पावत्या लावत बसलेली.
तिचे हे दिवस मार्च एंडचे, श्वास घ्यायला सवड नाही.
मान वर न करता म्हणाली,
"अन् तो तास? परत घेत्यात का ते?"
घेतात. मार्च एंडलाच.
शेवटच्या रविवारी, सगळ्यांचा.
"अन् तू?"
मी त्याआधीच निघाले.

तिचं बोट मशीनवर थांबलं.
चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं,
मग दाराकडं,
मग आवाज उतरवून म्हणाली,
"ठेव तसाच.
मोडू नको."